भट्टीच्या फाइलमधल्या ओळी
शिरोलीवरून जाताना जळक्या वाळूचा वास आला की लोखंड ओतायच्या फाउंड्रीतले भट्टीवाले मामा आठवतात. मी तेव्हा नवी प्रोग्रामर होते, भट्टीचं तापमान दर मिनिटाला एका फाइलमध्ये नोंदवणारा आणि ती परत वाचणारा प्रोग्राम मी तिथं बसवला होता. फाइल साधी, अक्षरांची, कुणालाही उघडून वाचता येणारी. पाळी संपली की मामा काळ्या बोटांनी ती उघडायचे आणि आकड्यांच्या मध्येच मला निरोप टाइप करायचे. "आज वाळू ओली हाय." "पोरी, जेवलीस न्हवं?" त्या ओळीला माझा प्रोग्राम अडखळून बंद पडायचा आणि माझं डोकं फिरायचं. शेवटी मी फाइलच बायनरी करून टाकली. छोटी, वेगवान, फक्त मशीनला कळणारी. दुसऱ्या दिवशी मामांनी ती उघडली तर पडद्यावर नुसते चौकोन आणि वाकडीतिकडी चिन्हं. "पोरी, ह्यात मी कुठं लिवू?" "लिहायचंच नाही मामा, मशीन बघतंय की सगळं," मी तोडून म्हणाले. "व्हय व्हय," म्हणत ते हात पुसत भट्टीकडे गेले. आता मामा नाहीत, तो प्रोग्राम कुठं चालत नाही, आणि माझ्या त्या हुशार फायली कशानंच उघडत नाहीत. परवा जुन्या पेनड्राइव्हवर, बायनरी करण्याच्या आदल्या दिवशीची, त्यांची शेवटची साधी फाइल सापडली, ती मात्र लगेच उघडली. चौदाशे दहा, चौदाशे बारा, आणि खाली, "पोरी, हायवेला ट्रक लई हाईत, गाडी सावकाश चालीव. नीट पोचलीस का ते उद्या हितंच लिव." मी त्याखाली टाइप केलं, "पोचले, मामा."