गोणी उचलणारा खांदा आणि समुद्राखालची हवा

नाही दादा, मी अजूनही तेच म्हणतो. गोणी उचलता आली म्हणजे माणूस फिट झाला, असं नसतं. टेमघरहून विमानतळाला जाताना रिक्षात हाच वाद, चेन्नईला विमान बदलताना हाच.

"राहनाळच्या गोडाऊनला रोज पन्नास किलोच्या गोण्या चढवतो मी. मला पळायला लावतो व्हय रं, बारक्या?"

वाचणाऱ्यांनो, हा माझा मोठा भाऊ. हमाल. खांदा दगडासारखा, पोट मात्र सुटलेलं. मी सातवीत शाळा सोडली, चार गावं फिरलो आणि आता अंदमानात, हॅवलॉक बेटावर, डाइव्हिंगच्या दुकानात बुडी मारणाऱ्यांचे हवेचे सिलिंडर भरतो. सुट्टी संपवून परत निघालो तेव्हा दादाला सोबत उचलला.

पोर्ट ब्लेअरहून बेटावर जायला सरकारी बोट स्वस्त, पण तिकीट आधी काढा. आम्हाला मिळालं नाही, खासगी बोटीला माणशी दीड हजार गेले. बेटावरच्या बाजारात मासळी थाळी अडीचशेला. भात मागाल तितका.

दुकान चालवणाऱ्या आणि डाइव्हिंग शिकवणाऱ्या आमच्या मिताली मॅडम पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, इथल्याच बंगाली वस्तीतल्या. सुट्टीच्या दिवशी पहाटे किनाऱ्यावर पळतात. दादानं "जय भीम, मॅडम" म्हणून हात जोडले. त्यांनी त्याच्या खांद्याकडे बघितलं, मग पोटाकडे. "ताकत अलग, दम अलग. पानी पीते रहना."

दोन दिवस उथळ पाण्यात शिकवून झालं, मग पुढचे दोन दिवस खोल समुद्रात. खाली पोपटमासा प्रवाळ खातो त्याची कुरकुर चक्क ऐकू येते. दादा वर आला तेव्हा डोळे लाल आणि तोंडभर हसू. "बारक्या, घराशेजारच्या लूमची खटखट कानातून गेली रं! जन्मात पयल्यांदा."

शेवटची डाइव्ह संपली ती भर दुपारी. ओहोटी होती, बोट लांब उभी. दादानं दोन खांद्यांवर दोन सिलिंडर घेतले आणि वाळूतून धावत सुटला. एक खेप, दुसरी खेप. टुरिस्ट टाळ्या वाजवायला लागले. मागून मॅडम ओरडल्या, "रखो! नीचे रखो!" टाळ्यांत दादाला शब्द कळलेच नाहीत, वाटलं, बाई कौतुक करतेय. तिसरी खेपही मारली.

थाळीवर बसलो तर दादा डाव्या हातानं जेवत होता.

"काय झालं?"

"काय न्हाय. खांदा हाय. रोजचाच."

हमालांच्या टोळीत खांदा दुखतो म्हणायचं नसतं. म्हटलं की तुमची पाळी दुसऱ्याला जाते. म्हणून दादा कधीच म्हणत नाही. पण मी इथे राहून एवढं शिकलोय की डाइव्हनंतर सांधा दुखला तर गप्प बसायचं नाही. तसाच मॅडमकडे पळालो.

त्यांनी ना वाद घातला ना टोमणा मारला. ऑक्सिजनचा मास्क लावला, डॉक्टरला फोन केला आणि दुपारच्या बोटीनं आम्हाला घेऊन पोर्ट ब्लेअरला निघाल्या. घर चालतं ते याच खांद्यावर. मी दादाचा मास्क नीट धरून बसलो.

बोटीत मॅडमनी समजावलं. खोल पाण्यात श्वास घेताना हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो. चरबीत तर जास्तच. हळूहळू वर आलं, शांत बसलं, की श्वासावाटे निघून जातो. ज्याला पळायचा दम आहे त्याचं अंग हे काम बरं करतं, पण खात्री त्यालाही नाही. आणि वर आल्या आल्या ओझं उचलणं म्हणजे?

"सोडे की बोतल हिलाके ढक्कन खोलना."

मास्कमधून दादा पुटपुटला, "मंग टाळ्या कशाला वाजवल्या लोकांनी?" मॅडम एवढ्या हसल्या की शेजारचे वळून बघायला लागले.

हॉस्पिटलात मोठ्या लोखंडी टाकीसारख्या खोलीत, अंगातले बुडबुडे विरावेत म्हणून, दाब वाढवून त्याला ठेवलं. काही तासांनी बाहेर आला आणि पहिलं काय केलं तर उजवा हात वर नेला. सरळ. दुखणं गेलं होतं. डॉक्टरनं बरेच दिवस विमानाला मनाई केली. तेवढी रोजी बुडाली. तुम्ही याल तेव्हा शेवटच्या डाइव्हनंतर एक अख्खा दिवस मोकळा ठेवा, मगच विमान.

आता दादा टेमघरला, मी माझ्या खोलीवर. माझ्याकडे उरलंय ते मॅडमचं एक शब्दही न सुनावता मदतीला धावणं. त्याच्याकडे काय उरलंय, ते काल फोनवर कळलं.

"मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. दम लागला रं. तू जितलास असं न्हाय, पण डॉक्टर हो म्हणाला की मी परत येणार. तो मासा बघायचाय."

"पळतोस कशात?"

"चपलेत. पोरं हसतात."

बुटांना दोन हजार, डॉक्टरच्या तपासणीला पंधराशे. दादा, साडेतीन हजार पाठवतोय.