कोळिणीच्या घरावर आईचा घट

१९८६च्या घटस्थापनेला, सकाळी आरतीच्या आधी, पांढुर्ण्यात आमच्या राहत्या घरी एका निरपराध कोळिणीवर घोर अन्याय झाला. तिचं बीळ, ती आत असताना, परस्पर देवीला देण्यात आलं!

कोळीण म्हणजे कोळ्याची मादी; तळहाताएवढी, केसाळ, जमिनीत बीळ करून राहणारी. रामाकोना गावच्या संत्राबागेत सापडली. लोक तिला करणी म्हणत होते. मी तेव्हा अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटत असे (लिहायचो मीच, बहुधा वाचायचोही मीच). म्हटलं, हिला पाळून गावाला दाखवतोच, की हा साधा जीव आहे!

पण बिळाला माती कोणती? शेतातली काळी माती घातली, तर सुकून अशा भेगा पडल्या की बाई घरात आहे की चव्हाट्यावर, तेच कळेना. जाम नदीची रेती घातली, तर खोदलेलं सगळं ढासळे. आरागिरणीचा भुसा घातला, तर ती काठावर चढून बसली. जाहीर निषेध! शेवटी संत्र्याच्या बुडाची माती, जुनं शेणखत, चिमूटभर रेती, सगळं चाळून, ओलवून, पसरट कुंडीत दाबलं. बाई खूश! आत गेली ती दिसेचना.

"काहून रे, एवढी मऊ माती कोणासाठी चाळून राहिला?" आईनं विचारलं.

"आहे एक गरजू बाई."

आईला वाटलं, देवीच! पोरगा सुधारला! मी पत्रकं वाटून परततो तर कुंडी देव्हाऱ्यापुढे, मातीत गहू पेरलेला, वर घट.

"आई, त्यात कोळीण आहे!"

"देवीसमोर खोटं बोलतं, मेल्या? बसला घट दसऱ्यापावतर हलवत नसतात. हात नको लावू!"

सप्तमीच्या आरतीला बाई घंटेच्या आवाजानं बाहेर आली. शेजारच्या निमाकाकू किंचाळल्या, "देवी परगटली वं!"

"काकू, हा कोळी आहे! आठ पायांचा प्राणी!" मी ओरडलो.

"आठ? पाहा, अष्टभुजाच निघाली ना!"

दर्शनाला सावरगावपर्यंतच्या बाया लोटल्या. आणि दसऱ्याला आई कुंडीसकट घट डोक्यावर घेऊन विसर्जनाला जामकडे निघाली. आता कोळीण बुडणार! वाटेत मी शास्त्र सांगितलं, पत्रक वाचलं, हात जोडले. "बाजूला हो बे!" एवढंच उत्तर.

मग काय, केस विस्कटले आणि भर रस्त्यात घुमायला लागलो. "मले पाण्यात नका टाकू! संत्र्याखाली सोडा मले!"

आई चक्क माझ्या पाया पडली! ज्या गावात माझ्या पत्रकांनी एक माणूस हलला नव्हता, तिथे दोन मिनिटं घुमलो तर अख्खी मिरवणूक जवळच्या संत्राबागेकडे वळली. कोळीण बुंध्याशी उतरली आणि मागे न बघता निघून गेली.

म्हणून वाचकहो, माझी जाहीर मागणी आहे: लेकीचं लग्न कधी जमेल हे विचारायला दर मंगळवारी माझ्या दारात येणं ताबडतोब बंद करा! आणलेला नारळ मात्र ठेवून जा.