इंजेक्शनमधली मेंढी

आमच्या लॅबमध्ये मोरे सरांचा एक नियम आहे. मशीनच्या खोलीत घरचं काही न्यायचं नाही. आणि त्याचा पोटनियम असा, की का ते विचारायचं नाही. मी अर्थातच पहिल्या दिवशी विचारलं. "सांगितलंय तेवढं करा," असं उत्तर आलं. मग मीच ठरवून टाकलं, घरचं म्हणजे डबा असणार. आता पुढचा पचका ऐका.

आम्ही चाकणला औषधांतली प्रोटीनं तपासतो. एक मशीन नमुन्यातले घटक वेगळे करतं, दुसरं त्यांच्या तुकड्यांचं वजन करतं आणि कॉम्प्युटर सांगतो, हे प्रोटीन कोणतं आणि कुठल्या जिवाचं. त्या दिवशी एका इंजेक्शनचा रिपोर्ट दुपारपर्यंत पाठवायचा होता. मला परमनंट करायचं की नाही, हे सर त्यावरूनच ठरवणार होते.

स्क्रीनवर बघते तर काय? मेंढी.

इंजेक्शनमध्ये मेंढी? प्रोटीनचं नाव वाचायचीही तसदी मी घेतली नाही. प्राणी दिसला आणि उठले. कुणीतरी मटण खाऊन तसेच हात लावले असणार! खोलीत संशयित दोनच. पहिले निघोज्याचे शिंदेकाका. ही मशीनं तेच सांभाळतात, आणि रविवारच्या मटणाचं वर्णन त्यांना शनिवारपर्यंत पुरतं.

"काका, मटण खाऊन हात धुतले होते ना?"

"आज गुरुवार हाय पोरी. तवापासनं आंगोळ केलीय म्या."

मग मी वळले सरांकडे. सर देहूचे. गळ्यात तुळशीची माळ, भाजीत कांदाही चालत नाही. काकांनी मला डोळ्यांनी खुणावलं, पण मी थांबते होय? नियम करणाऱ्यांनीच नियम मोडले तर लहानांनी कुणाकडे बघायचं, यावर मी चांगलं लांबलचक भाषण ठोकलं.

सरांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि स्क्रीनवरची ओळ वाचली.

"केराटिन आहे. केसांचं प्रोटीन. मेंढीच्या केसांना काय म्हणतात?"

"लोकर," मी म्हणाले, आणि 'र'पर्यंत पोचता पोचता माझी नजर स्वतःच्या हाताकडे गेली.

कोटाच्या बाहीतून मावशीने विणलेला हिरवा केसाळ स्वेटर डोकावत होता. 'शंभर टक्के खरी लोकर' म्हणून सकाळीच मी तो अख्ख्या लॅबला मिरवून दाखवला होता.

"याला घरचं म्हणतात," सर म्हणाले. "काढा तो. नवा नमुना लावू, अजून वेळ आहे."

"नाही काढणार."

"पोरी, सर सांगत्यात तर—"

"नियम पटला मला. पण स्वेटर निघणार नाही. सकाळी उशीर झाला होता. आत नाइट ड्रेस आहे."

दोघेही एसीकडे असे बघायला लागले, जणू तो आजच बसवलाय.

नवा नमुना काकांनी लावला, मी काचेबाहेरून बघत राहिले. रिपोर्ट वेळेत गेला. परमनंटचं मात्र मी अजून विचारलेलं नाही.

आणि एक गोष्ट तुम्हालाच सांगते, त्या दोघांना सांगू नका. त्या नाइट ड्रेसवरही मेंढ्याच आहेत.