राखणदाराच्या गाऱ्हाण्यात माझं नाव

नोकरीसाठी मुंबईला निघाले, तर माझी रिक्षा वळणावर पोचायच्या आत आईने माझ्या खोलीतल्या गादीवर नवी चादर घातली होती. मागे वळून बघितलं तर माझी जुनी चादर दोरीवर वाळत होती. मुंबईचे पाहुणे दुपारी यायचे होते ना! गेस्टहाऊसवाल्यांच्या घरात रडायलाही खोली रिकामी नसते.

तेव्हा मालवणजवळच्या आमच्या घरात पाहुण्यांसाठी दोनच खोल्या होत्या. माझी तिसरी झाली. बाबांनी मागच्या कातळावर माती टाकून टाकून बाग उभी केली होती, अबोली, सुपारी, कोकम. पाहुणे त्या बागेसाठीच यायचे. कोपऱ्यात जागेची राखण करणाऱ्या देवाचा, राखणदाराचा दगड. दर वर्षी बाबा तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे, घरातल्या एकेकाचं नाव घेऊन. "मुंबैक गेलल्या माझ्या सुलूक सांभाळ रे म्हाराजा." सगळे "होय म्हाराजा" म्हणायचे. मी वाकोल्याच्या भाड्याच्या खोलीत फोन कानाला लावून ते ऐकायचे. साकीनाक्याच्या ऑफिसात साहेबाने कितीही डोकं खाल्लं तरी त्या एका वाक्यावर माझं वर्ष निघायचं. तुम्ही जे तिथेच राहिलात, तुम्हाला हे नाही कळायचं यार.

मग बाबा गेले. दादाने सुपारी तोडून पार्किंग केलं, अबोलीच्या जागी लॉन आणि झोपाळा आला, पाटीवर 'रिसॉर्ट' लागलं. बागेची पार वाट लागली, तरी मी तोंड उघडलं नाही. मला त्या बागेतलं एकच हवं होतं. यंदा रजा टाकून गेले आणि आदल्या दिवशीच दादाला बजावलं, गाऱ्हाण्यात माझं नाव घे. घेतो गं, म्हणाला.

दादाने नारळ ठेवला. वहिनीचं नाव घेतलं, पोरांचं घेतलं, आईचं घेतलं. मी पाहुण्यांच्या बाजूला उभी होते. तो आमच्याकडे हात करून म्हणाला, "हयसर इलल्या पावण्यांक सुखरूप त्येंच्या घराक पोचव रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. सवयीने मीही म्हणाले.

नंतर विचारलं तर दादा म्हणाला, तू आता इथली कुठे गं. आई शेजारीच होती. ती मला म्हणाली, "खोली कधी मोकळी करतंस? सांजेक पावणे येतत."

त्या दिवसापासून घर कुठलं असं कोणी विचारलं की मी वाकोला सांगते. भाड्याचं का असेना, तिथे कोण किती दिवस राहणार ते मी ठरवते.

गेल्या महिन्यात आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आली. मी गादीवर नवी चादर घातली, तिच्या आवडीची सोलकढी केली. ती दमून खाली बसली आणि कपडे काढायला बॅगेची चेन उघडू लागली. तेवढ्यात मी विचारलं, "कधीपर्यंत आहेस?"

आईने चेन परत लावली.