मास्तरांची टिक

तारमास्तरांच्या मते रेडिओवर धड टाइप करता येणारा एकच माणूस पृथ्वीवर उरला होता, आणि तो कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. नाव विचारण्याइतकी कुणाची किंमत त्यांना कधी वाटलीच नव्हती.

तीस वर्षं त्यांनी तारेवरून आलेला मजकूर छापणारे टेलिप्रिंटर दुरुस्त केले. निवृत्त झाल्यावर हौशी रेडिओचा परवाना काढला, मागच्या खोलीत सेट मांडला आणि कॉम्प्युटरवर टेलिप्रिंटरचं सॉफ्टवेअर घातलं. एक उंच सूर, एक खालचा. त्यांवरून कॉम्प्युटर अक्षरं जुळवतो. माहितीपुस्तिका वाचायची? छे! ते बिनडोकांसाठी असतं. दिसेल त्या चौकटीत मास्तरांनी टिक मारली आणि ते तोऱ्यात खुर्चीत बसले.

पडद्यावर नुसता कचरा उमटला. तीन महिने तेच. "लोकांना साधं ट्यून करता येत नाही! सगळी गाढवं!" त्यांनी हाका मारल्या तरी कुणी दाद देईना. फक्त रविवारी दहाला एक स्टेशन लख्ख वाचता यायचं: हवा कशी आहे, तब्येत कशी आहे, काळजी घ्या.

लोकांना गाढव ठरवायची त्यांची खोड जुनीच. मेव्हण्याला एकदा आपल्या दुरुस्तीच्या कारखान्यात शिकायला ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी तो बिचारा म्हणाला, "दाजी, पुन्हा सांगता का?" झालं! "पुन्हा? डोक्यात काय भुसा भरलाय?" असं चार कामगारांसमोर ओरडून त्याला हाकललं. बारा वर्षं तो बहिणीच्या दारात फिरकला नाही. ती त्याच्याशी फोनवर बोलायची, तेही मास्तर आंघोळीला गेले की.

आता हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबला टेलिप्रिंटरचा वर्ग सुरू करायचा होता आणि तो आपल्यालाच मिळावा म्हणून मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता. फळा तर त्यांनी आधीच विकत आणला होता. रविवारी अध्यक्ष आणि तिघे सभासद परीक्षा घ्यायला घरी आले. बायकोनं चहा दिला आणि दारातच उभी राहिली.

"हा कचरा बघा," मास्तर म्हणाले. "आता दहा वाजू द्या. शिकावं तर त्या माणसाकडून."

दहा वाजले. रोमन अक्षरांत मराठी उमटू लागलं. अध्यक्ष मोठ्यानं वाचत गेले: "दाजी, आज तुमच्याकडे माणसं येणार असं ताई म्हणाली, म्हणून सांगतो. तुमच्या हाका ऐकल्या तेव्हाच कळलं, तुमचे दोन्ही सूर उलटे आहेत. तीन महिने मी माझे मुद्दाम उलटे करून बसतोय, तुम्हाला कुणाचं तरी वाचता यावं म्हणून. सूर उलटे करणारी ती रिव्हर्सची टिक काढा. आणखी एक..."

पुढचं वाचायला थांबतील तर ते मास्तर कसले! त्यांनी खाडकन टिक काढली आणि स्टेशन बदलायचं गोल बटण फिरवलं. जिथे थांबावं तिथे शुद्ध अक्षरं, ओळीमागून ओळ. सगळी गाढवं सुरेख टाइप करत होती.

एका सभासदानं खोकल्याचं निमित्त करून हसू दाबलं. अध्यक्षांनी कप खाली ठेवला. "वर्गाचं आपण नंतर बघू."

"तुम्हाला माहीत होतं?" मास्तरांनी बायकोला विचारलं. घाबरले की ते तिला अहोजाहो करत.

"होतं. मी सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?" तिचा आवाज फाटला. "अहो, तो अजून सांगत होता ना! माझा भाऊ सांगत होता!"

मास्तरांनी घाईघाईनं बटण मागे मेव्हण्याच्या स्टेशनवर आणलं. कचरा. चौघांच्या देखत त्यांनी तीच चुकीची टिक पुन्हा मारली. शेवटचे दोन शब्द तेवढे हाती लागले: "...ताईला सांगा." मग पुढे काही उमटेना.

काय सांगा? बायको पुढे येऊन खुर्चीमागे उभी राहिली. मास्तरांनी एकेक अक्षर शोधत टाइप केलं: "पुन्हा सांगता का?"