तांदळातली माळ

केडगावच्या इंदूताई माळा करतात, असं सगळे म्हणत. पण खरं सांगायचं तर माळ करायचे त्यांचे यजमान शामकांत. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला हा कारकून "दहा मिनिटांत आलो" म्हणून घरातून निघायचा आणि शेवगावच्या बाजारात जुन्या मण्यांसाठी दिवसभर घासाघीस करत बसायचा. हे जुने मणी, कोरीव हिरवं जेड आणि मधाच्या रंगाचं अंबर ते ताटभर तांदळात मांडत. तांदूळ एवढ्यासाठी, की मणी घरंगळू नयेत. मांडणी मनासारखी झाली की इंदू एकेक मणी उचलून रेशमात गाठवायची. तिचं काम तेवढंच.

शामकांत गेले तेव्हा असंच एक ताट कपाटावर मांडलेलं राहिलं. राहात्याच्या सत्यशीलाबाईंची ऑर्डर. चार महिने इंदूने त्याला हात लावला नाही. ती जेवायची, मालिका बघायची, विचारलं तर बोलायची. रडू काही यायचं नाही. लोक म्हणत, बाई खंबीर आहे. खंबीर कसली, आत सगळं बधिर झालं होतं. ताट हललं तर त्यांची शेवटची मांडणी जाईल, एवढी एकच भीती शाबूत होती.

आणि एका सकाळी सून मनवाने हौसेने तीन वाट्या पुढे केल्या.

"आई, तांदळाला किडे लागले होते. मणी निवडून ठेवलेत मी."

हिरवे एकीत, पिवळे एकीत, जुने एकीत. पोर गुणाची, राग तरी कुणावर काढायचा?

"बरं केलंस," इंदू म्हणाली.

दुपारी तिने ताटात नवे तांदूळ घेतले. मधोमध मोठं कोरीव जेड, एवढं आठवलं. त्याच्या शेजारी काय? फोटो काढून ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं. पंधरा वर्षं ताट समोर असायचं आणि तिने बघितले होते फक्त त्यांचे हात. शेवटी सुचेल तसे मणी मांडले, गाठवले, माळ कुरिअरने पाठवून दिली.

आठवड्याने सत्यशीलाबाईंचा फोन आला. "काय सुरेख मांडलीय हो! शामकांतरावांची नजरच वेगळी."

"हो," इंदू म्हणाली.

फोन ठेवून ती तिथेच खाली बसली. त्यांच्या हातच्या चार माळा वापरलेल्या बाईलाही फरक कळला नव्हता. म्हणजे शामकांत आता कुठेच उरले नव्हते. इंदू इतकी रडली, इतकी रडली, की मनवाने घाबरून नवऱ्याला ऑफिसातून बोलावून घेतलं.