भाऊसाहेबांची त्रुटींची वही

भोर आणि वेल्हे हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी कॉम्प्युटरशी सरकारी पत्रव्यवहार करणारा दुसरा माणूस सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. आमच्या समोर राहणारे हे निवृत्त अव्वल कारकून. सगळा गाव त्यांना भाऊसाहेब म्हणायचा. मी तेव्हा भोरात कॉम्प्युटर क्लास चालवत होतो, म्हणजे चार मशीन, एक पंखा आणि भरपूर आत्मविश्वास. गावातल्या बहुतेक कॉम्प्युटरांत, माझे चारही धरून, मशीन चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामची, कुणाच्या तरी सीडीवरून उतरवलेली चोरटी नक्कल घातलेली असे. हे कळल्यावर भाऊसाहेब हादरलेच. "सर, सारी नोकरी एक मेमो न्हाई घेतला. आता पेन्शनीत चोरीचा माल वापरू व्हय?" तेच काम करणाऱ्या लिनक्सची सीडी मासिकाबरोबर फुकट आणि रीतसर मिळते, असं ऐकलं आणि त्यांनी तीच घातली. तिथून त्यांच्या दुसऱ्या नोकरीला सुरुवात झाली.

लिनक्सवर गाणी-सिनेमे दाखवणारा तयार प्रोग्राम त्या काळी अर्धामुर्धाच मिळे. पुरता हवा असेल तर त्याचा मूळ मजकूर आणून आपल्याच मशीनवर कंपाइल करायचा, म्हणजे चालेल असा बांधून घ्यायचा, आणि बांधताना काय घे, काय सोड, कुठल्या प्रोसेसरसाठी बांध अशा सूचना द्यायच्या. या सूचना म्हणजे फ्लॅग. एक जरी चुकला तरी पडदाभर एरर. असे एरर आले की मी मशीन बंद करून चहाला जात असे. भाऊसाहेब वही काढत. डावीकडे त्रुटी, उजवीकडे पूर्तता, आणि प्रकरण मिटलं की खाली लाल शाईत 'निकाली'. एका वेळी एकच फ्लॅग बदलत, कारण एका अर्जात एकच मागणी. नुसती वॉर्निंग आली तर "ही ताकीद हाय, कारवाई न्हाई" म्हणून पुढे जात. कंपाइलला तीन-चार तास लागत, आणि तेवढा वेळ ते डोक्यावर टोपी घालून मशीनसमोर बसून राहत. फाईल साहेबांच्या टेबलावर असताना कारकुनानं जागा सोडायची नसते, असा त्यांचा नियम. काकूंनी जेवायला हाक मारली तर फक्त हात वर करत. मध्येच वीज गेली की वहीत 'प्रकरण स्थगित' असं लिहून मगच जेवायला उठत.

यातच त्यांच्या शाळेपासूनच्या दोस्ताचं प्रकरण आलं. हे दोस्त म्हणजे बँडवाले मास्तर. उत्रोलीपासून सारोळ्यापर्यंत त्यांच्या क्लॅरोनेटशिवाय नवरदेव घोड्यावर बसत नसे. पण मास्तरांच्या तोंडावरून वारं गेलं, ओठ वाकडा झाला आणि क्लॅरोनेट खुंटीला लागलं. सारोळ्यातल्या शेवटच्या वरातीची एक सीडी तेवढी होती. ती माझ्या क्लासात लावली तर मास्तर गाल फुगवून वाजवताहेत, माणसं नाचताहेत, आणि आवाज शून्य. शूटिंगवाला गाव सोडून गेलेला. मी ऐटीत सांगितलं, "सीडी खराब आहे." मास्तरांचा चेहरा पडला. भाऊसाहेब मात्र माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "खराब न्हाई. त्रुटी हाय. त्रुटीची पूर्तता करता येती." पुढल्या रविवारी मास्तरांचा जावई त्यांना कायमचं सोलापूरकडे न्यायला येणार होता. म्हणजे मुदत दहा दिवसांची.

भाऊसाहेबांनी आवाजाचा फ्लॅग शोधून काढला. त्याच उत्साहात पुण्याच्या भाच्यानं सांगितलेला प्रोसेसरचा फ्लॅगही लावला. एका अर्जात दोन मागण्या त्यांनी जन्मात पहिल्यांदाच केल्या. भाच्याचं मशीन नवं, यांचं जुनं. प्रोग्राम तयार झाला आणि सुरू करताच कोसळला. चूक लक्षात आल्यावर त्यांनी तो फ्लॅग काढला, पुन्हा कंपाइल केलं, तरी तेच. असं आठवडाभर. शनिवारी मी सहज विचारलं, "आता कंपाइलला किती वेळ लागतो?"

"दोन मिंटं. म्हणून तर संशय येतोय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चुकीच्या फ्लॅगनं बांधलेले जुने तुकडे तसेच पडून होते आणि मशीन तेच पुन्हा जोडत होतं. ते पुसून टाकायची आज्ञा भाऊसाहेबांनी कधीच दिली नव्हती.

"पुसा ते सगळं," मी म्हणालो.

"अभिलेख नष्ट करायचा? सर, कागद फाडायला आदेश लागतो!"

"मग मास्तर उद्या आवाज न ऐकताच जातील."

 भाऊसाहेबांनी वही ओढून स्वतःच आदेश लिहिला, स्वतःच सही केली, साक्षीदार म्हणून माझी घेतली आणि एंटर दाबलं. रविवारी सकाळी पुन्हा सगळं कंपाइल केलं. चार तास लागले, आणि वीज एकदाही गेली नाही. काकूंच्या देवांवर आणि वीज मंडळावर माझा विश्वास बसला तो त्याच दिवशी.

दारात जावयाचा टेम्पो उभा होता. आतून क्लॅरोनेट वाजलं. मास्तर खुर्चीची कड धरून ऐकत राहिले. "जल्मभर ताशाच्या दणक्यात वाजीवलं," ते म्हणाले, "सोताचं कदी ऐकलंच न्हाई." मग एकदम बोट वर केलं. "हितं सूर घसरला बगा. परत लावा." असं तीनदा झालं. जावई हॉर्न वाजवून दमला आणि शेवटी तोही आत येऊन बसला. जावयाच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून सीडी इथेच राहिली आणि भाऊसाहेबांनी स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर धरून कॅसेट करून दिली. तीत काकूंच्या कुकरची शिट्टीही आली.

पुढच्या वर्षी मास्तर तिकडेच वारले. आता कुठलाही मोबाईल काहीही वाजवतो, माझा क्लास बंद पडला आणि भाऊसाहेबांच्या हाताला कंप सुटलाय. परवा त्यांच्याकडे गेलो असताना सहज वही चाळली. पानोपानी लाल शाईत 'निकाली', फक्त मास्तरांच्या नोंदीखाली जागा कोरी. मला वाटलं, राहून गेलं असेल.

"निकाली लिवलं की फाईल रेकॉर्डरूमला जाती, सर," ते म्हणाले. "मग कोन काडतंय ती भाईर? असू दे टेबलावर."

मग त्यांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली आणि मास्तरांची सीडी लावली.